विहिरीच्या यारीची झिजलेली पिन, कप्पी, हूक : काय दुरुस्त होतं आणि काय थेट भंगारात टाकायचं?

अहिल्यानगर : रब्बीची पिकं निघाली आणि विहिरींनी तळ गाठला की जिल्ह्याच्या दक्षिण भागात याऱ्यांचा आवाज सुरू होतो. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी, नगर या तालुक्यांत कुठे नवीन विहीर, कुठे जुन्या विहिरीचा गाळ, तर कुठे तळ आणखी खाली नेण्याचं काम निघतं. रोजगार हमीतून विहिरीसाठी मिळणारं अनुदान २०२२ मध्ये ४ लाखांपर्यंत वाढल्यावर या कामाला आणखी जोर आला. पाऊस पडायच्या आत काम उरकायचं म्हणून यारी दिवस उगवल्यापासून अंधार पडेपर्यंत चालते.

या घाईत एक गोष्ट मागे पडते. यारीची लोखंडी जोडणी रोज थोडीथोडी झिजत असते. पिन बारीक होते, भोक लांबट होतं, कप्पीला खाच पडते, हुकाचं तोंड फाकतं. यातलं काहीही एका दिवसात होत नाही, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही. "चालतंय तोवर चालू द्या" असं म्हणत हंगाम ढकलला जातो. शेताच्या बांधावर ट्रॅक्टरची पिन तुटली तर नांगर जागेवर थांबतो. यारीची पिन तुटली तर भरलेली बकेट विहिरीत जाते आणि खाली माणसं असतात. ५०-६० फूट खोल विहिरीत त्यांना पळायला जागा नसते.

म्हणूनच कोणता भाग दुरुस्त करून चालतो आणि कोणत्या भागाला वेल्डिंगचा हातही लावायचा नाही, हे यारीवाला, शेतकरी आणि विहिरीत उतरणारा मजूर या तिघांनाही माहीत असायला हवं.

भार नक्की किती असतो?

यारीचे प्रकार वेगवेगळे असले तरी मूळ रचना एकच. उभा खांब, त्याला तिरपा दांडा, दांड्याच्या टोकाला कप्पी, इंजिनावर फिरणारा ड्रम, ड्रमवरून कप्पीवर जाणारी लोखंडी तार, तारेच्या टोकाला हूक किंवा शॅकल आणि त्याला बकेट. खांब हलू नये म्हणून मागे ताणाच्या तारा.

आपल्याकडचा काळा दगड वजनाला भारी. अखंड बेसाल्टचा एक घनमीटर सुमारे २.८ ते ३ टन भरतो. सुरुंगानंतरचा फुटका दगड पोकळ बसतो, तरी अर्धा घनमीटर बकेट भरली तर पाऊण टनाच्या वर माल होतो. त्यात बकेटचं वजन आणि चिखल-पाणी धरलं तर एक टनाचा हिशोब करायला हरकत नाही.

आता यातली मेख. तारेवर एक टन ओढ असली तरी वरच्या कप्पीच्या पिनेवर एक टन नसतो. तार एका बाजूने खाली बकेटकडे ओढते आणि दुसऱ्या बाजूने ड्रमकडे. दोन्ही बाजू जवळजवळ समांतर असतील तर कप्पीच्या पिनेवर दोन टनांच्या आसपास भार येतो. त्यातच बकेट कपारीला अडकून एकदम सुटली, किंवा ढिली पडलेली तार अचानक ताणली गेली, तर धक्का बसतो. उंचावरून न पडता भार नुसता एकाएकी आला, तरी त्याचा परिणाम दुप्पट होतो. म्हणजे एक टनाच्या बकेटचा वरच्या पिनेला क्षणभर चार टनांसारखा फटका बसू शकतो. एवढं वजन उचलणारी पिन अनेक ठिकाणी भंगारातून उचललेला बोल्ट असतो.

पिन : दिसायला ३ मिलिमीटर, ताकदीला तिसरा हिस्सा

२५ मिलिमीटर जाडीची पिन झिजून २२ वर आली तर पाहणाऱ्याला फार फरक वाटत नाही. पण वाकण्याला तोंड द्यायची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. हिशोब केला तर ती जवळपास एक तृतीयांशाने घटलेली असते. कातरून तुटण्याविरुद्धची ताकदही २३ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यात झीज सगळीकडे सारखी नसते. जिथे पट्टी घासते तिथेच पायरी पडते आणि तडा त्याच पायरीच्या कोपऱ्यातून सुरू होतो.

पिनेवर वेल्डिंगचा भर टाकून ती पुन्हा गोल करणं, हा उपाय वर्कशॉपमध्ये सहज सुचवला जातो. तो करू नये. पिनेचं लोखंड साध्या पट्टीपेक्षा कडक असतं. त्यावर थंड असताना वेल्डिंग केलं की भराच्या खालचा थर ठिसूळ होतो. वरून चकचकीत दिसणारी पिन आतून तडकलेली असू शकते. नवीन पिन लेथवर तासून घेणं स्वस्त आणि निर्धास्त. त्यासाठी 'ईएन-८' जातीचा गोल बार मागावा. तालुक्याच्या गावातला चांगला टर्नर हे नाव ओळखतो. नगरच्या एमआयडीसी भागातल्या लेथवाल्यांसाठी तर हे रोजचं काम.

पिनेच्या जागी पूर्ण आट्यांचा बोल्ट घालणंही चुकीचं. २४ मिलिमीटरच्या बोल्टला जिथे आटे असतात तिथे भार घेणारं लोखंड सुमारे २२ टक्क्यांनी कमी असतं. शिवाय आटे कानशीसारखे पट्टीचं भोक खातात. बोल्ट वापरायचाच झाला तर भोकात येणारा भाग गुळगुळीत असावा, आटे बाहेर राहावेत. पिन कोणतीही असो, टोकाला स्प्लिट पिन हवीच. तिच्या जागी खिळा किंवा बांधायची तार चालत नाही.

लांबट झालेलं भोक

पिन बदलली पण भोक लांबटच राहिलं, तर नवी पिनही महिनाभरात खाऊन जाते. पिन एका बारीक रेषेवर टेकते आणि सगळा भार तिथेच येतो. भोक दुरुस्त करायच्या दोन खात्रीच्या पद्धती आहेत.

पहिली, बुश बसवणं. भोक मोठं करून पुन्हा गोल करायचं आणि त्यात घट्ट बसणारा बुश दाबायचा. पुढची झीज बुशवर जाते आणि तो बदलता येतो. अट एकच. भोक मोठं केल्यावरही त्याच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत साधारण भोकाच्या व्यासाइतकं लोखंड शिल्लक राहायला हवं. तेवढं उरत नसेल तर बुशचा नाद सोडावा.

दुसरी, पट्टी कापून त्याच जाडीची किंवा जास्त जाडीची नवी पट्टी बसवणं. पट्टी साध्या लोखंडाची असल्याने इथे वेल्डिंग चालतं. पण खिडकीच्या जाळीला वापरतात तो रॉड नको. भार पेलणाऱ्या जोडाला '७०१८' रॉड लागतो आणि तो कोरडा हवा. सर्दावलेल्या रॉडने केलेला जोड पुढे तडकतो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची भोकं एका रेषेत येतात का, हे टाका मारायच्या आधी पिन घालून पाहावं.

वेल्डिंग करताना आणखी एक काळजी. अर्थिंगची केबल जिथे टाका मारायचा त्याच तुकड्याला लावावी. ती यारीच्या दुसऱ्या टोकाला अडकवली तर करंट लोखंडी तारेतून किंवा बेअरिंगमधून जातो. तारेचे बारीक धागे आतल्या आत जळतात, बेअरिंगला खड्डे पडतात. आणि हे बाहेरून कळत नाही.

कप्पी : नवी तार का लवकर जाते?

"तार नवीन टाकली तरी तीन महिन्यांत गेली" अशी तक्रार यारीवाल्यांकडून कायम ऐकू येते. दोष बहुतेक वेळा कप्पीचा असतो. जुनी तार झिजून बारीक झालेली असते. तिने कप्पीची खाचही आपल्या मापाची, म्हणजे अरुंद करून ठेवलेली असते. त्यात नवी, पूर्ण जाडीची तार घातली की ती दोन्ही बाजूंनी चिमटली जाते. खाच तारेच्या जाडीपेक्षा ५ ते १० टक्के रुंद असावी आणि तळाला तार साधारण तिसरा हिस्सा टेकावी.

खाचेत तारेच्या पिळाचा ठसा उमटला असेल, तर ती कानशीसारखी तारेला घासत राहते. बिडाची किंवा पोलादाची कप्पी असेल आणि खाली पुरेसं लोखंड शिल्लक असेल, तर लेथवर खाच पुन्हा तासून घेता येते. कडा पातळ झाली असेल किंवा तुकडा उडाला असेल, तर कप्पी बदलायची. कप्पीच्या मधला बुश हा मात्र बदलायचाच भाग. गनमेटलचा नवा बुश आणि ग्रीस जायला निपल एवढं केलं तर तीच कप्पी अनेक हंगाम काढते.

आकारही महत्त्वाचा. कप्पीचा व्यास तारेच्या जाडीच्या किमान १८ पट असावा. १२ मिलिमीटरची तार असेल तर कप्पी साधारण ९ इंचांची हवी. लहान कप्पीवर तार जास्त मुडपते आणि आतून धागे तुटतात.

हूक आणि शॅकल : इथे वेल्डिंग बंद

हूक आणि शॅकल घडवून, तापवून आणि ठराविक पद्धतीने थंड करून बनवतात. त्यांची ताकद त्या प्रक्रियेत असते. वेल्डिंगच्या किंवा गॅस कटरच्या उष्णतेने ती निघून जाते. म्हणून झिजलेल्या हुकावर भर टाकणं, फाकलेलं तोंड तापवून पुन्हा वळवणं, हे दोन्ही निषिद्ध. फाकलेला हूक 'माझ्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार येऊन गेला' एवढंच सांगत असतो.

माप सोपं आहे. हूक नवा घेतला त्या दिवशी त्याच्या तोंडाचं अंतर मोजून लिहून ठेवावं. ते ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, हूक पिळला गेला, किंवा भार बसतो त्या जागी जाडी १० टक्क्यांनी झिजली, तर हूक बाद. शॅकललाही १० टक्क्यांचाच नियम. तोंडावरची खिटी मोडली असेल तर ती लगेच बसवावी. बकेट दगडावर टेकून ढिली पडली की खिटीशिवायचा हूक सुटतो.

शॅकलची पिन हरवली म्हणून त्यात साधा बोल्ट घालू नये. आट्यांची पिन असेल तर ती पूर्ण आवळून तारेने बांधावी, नाही तर इंजिनाच्या थरथरीने ती हळूहळू उलगडते. शॅकलवर भार सरळ रेषेत यायला हवा. आडव्या बाजूने ओढ आली तर त्याची क्षमता निम्म्यावर येते. बाद झालेला हूक शेडमध्ये टांगून ठेवू नये, कापूनच टाकावा. नाही तर घाईच्या दिवशी तोच कुणाच्या तरी हाती लागतो.

टीएमटी सळई वाकवून केलेला हूक तर वापरूच नये. या सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते. तापवून वाकवली की तो थर मऊ पडतो.

तार आणि तिचे क्लॅम्प

१२ मिलिमीटरची चांगली नवी तार प्रकारानुसार ८ टनांच्या आसपास तुटते. उचलण्याच्या कामात पाचपट राखीव ताकद ठेवायची पद्धत आहे, म्हणजे दीड टनाच्या आसपास भार ठीक. पण हे आकडे नव्या तारेचे. दुसरीकडे वापरून भंगारात आलेली तार स्वस्तात मिळते, तिने काय सोसलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

तार तपासताना इंजिन बंद ठेवून, हातमोजा घालून, सुती फडकं तिच्यावरून हळू ओढावं. तुटलेला धागा फडक्याला अडकतो. एका पिळाच्या लांबीत, म्हणजे १२ मिलिमीटरच्या तारेत साधारण ८ सेंटिमीटरमध्ये, एकूण ६ धागे किंवा एकाच लडीतले ३ धागे तुटले असतील तर ती तार बाद. जाडी ५ टक्क्यांनी घटून ११.४ मिलिमीटरच्या खाली आली तरी बाद. व्हर्निअर लडींच्या उंचवट्यांवर धरावं, दोन लडींमधल्या सपाटीवर नाही. तारेला गाठ पडून मोड आला असेल तर ती ठोकून सरळ करण्यात अर्थ नाही.

टोकाला तार वळवून घालताना आत थिंबल, म्हणजे तारेला धरणारी लोखंडी कडी, हवीच. तिच्याशिवाय तार हुकावर चेपते. यू-क्लॅम्प किमान तीन आणि त्यांच्यात तारेच्या जाडीच्या सहापट, म्हणजे ७ सेंटिमीटरच्या वर अंतर. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे क्लॅम्प उलटा लावणं. क्लॅम्पचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर बसला पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं केलं तर यू-बोल्ट भाराच्या तारेत रुततो आणि तिला तिथेच कमजोर करतो. पहिल्या काही बकेटी काढल्यावर तार दबून थोडी बारीक होते, तेव्हा नट पुन्हा आवळावेत.

बकेट पूर्ण तळाला गेली तरी ड्रमवर किमान ३ वेटोळी उरायला हवीत. विहीर खोल होत गेली की तार पुरेनाशी होते आणि ही राखीव वेटोळी वापरली जातात. तेव्हा सगळा भार ड्रमवरच्या एका क्लॅम्पवर येतो. तारेला जळालेलं इंजिन ऑइल चोपडण्याची सवयही सोडावी. त्यात लोखंडाचा बारीक चुरा आणि आम्ल असतं. स्वच्छ ऑइल किंवा तारेसाठी मिळणारं ग्रीस वापरावं. सुरुंग उडवायच्या आधी दांडा आणि तार बाजूला फिरवावी. उडालेला दगड तारेवर बसला की तिथे धागे चेपतात.

ताणाच्या तारा : जहाजाच्या डोलकाठीचं शास्त्र

यारीचा खांब उभा राहतो तो मागच्या ताणाच्या तारांवर. शिडाच्या जहाजाची डोलकाठीही अशाच तारांवर उभी असते. दर्यावर्दी लोक लांबच्या सफरीआधी या तारा, त्यांच्या पिना आणि पट्ट्या एकेक करून तपासतात, कारण एक पिन सुटली तर अख्खी डोलकाठी आडवी होते. यारीचंही तसंच. या तारा हलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. त्या मधून क्वचितच तुटतात. जातात त्या टोकाला, क्लॅम्पपाशी किंवा मातीत गाडलेल्या खुंट्यापाशी, जिथे ओल आणि गंज असतो. टोकाच्या जोडापाशी एकाहून जास्त धागे तुटलेले दिसले तर तार बदलावी. काळ्या मातीत ठोकलेला खुंटा अवकाळी पावसानंतर ढिला होतो. अशा पावसानंतर तो पुन्हा तपासल्याशिवाय यारी सुरू करू नये.

तडा शोधायची सोपी पद्धत

डोळ्यांना न दिसणारा तडा शोधायला महागडं यंत्र लागत नाही. भाग डिझेलने स्वच्छ धुवावा, पुसावा. मग त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावून १५ मिनिटं ठेवावं आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावं. वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. हूक, शॅकल, दांड्याच्या बुडाची पिन आणि वेल्डिंगचे जोड हंगामाच्या सुरुवातीला असे तपासावेत. औद्योगिक सामानाच्या दुकानात यासाठी तीन डब्यांचा स्प्रे मिळतो, तो जास्त अचूक.

दुरुस्तीनंतर आणि रोज सकाळी

कोणतीही पिन, पट्टी किंवा तार बदलली की पहिली बकेट विहिरीवर नेऊ नये. दांडा बाजूच्या मोकळ्या जमिनीवर फिरवून रोजच्यापेक्षा सव्वापट वजन फूटभर उचलावं आणि १० मिनिटं तसंच ठेवावं. उतरवल्यावर पिना, क्लॅम्प, वेल्डिंग आणि खुंटे पुन्हा पाहावेत.

रोज काम सुरू करण्याआधी १५ मिनिटांत एवढं पाहून होतं :

- तारेवरून फडकं, विशेषतः हुकाजवळचे पहिले काही मीटर
- क्लॅम्पचे नट आणि थिंबल
- हुकाचं तोंड आणि खिटी, शॅकलची पिन
- कप्पी सहज फिरते का, ग्रीस आहे का
- सगळ्या स्प्लिट पिना जागेवर आहेत का
- ताणाच्या तारा आणि खुंटे
- ब्रेक : भरलेली बकेट फूटभर उचलून थांबते का

कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाना कायद्यातच उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची आणि दोरांची १२ महिन्यांतून किमान एकदा जाणकाराकडून पूर्ण तपासणी करण्याची तरतूद झाली. शेतातल्या यारीची अशी पाहणी करायला कुणी येत नाही. म्हणून वहीत तारीख टाकून मापं लिहिणं, एवढं तरी यारीवाल्याने स्वतः करायला हवं.

माणूस बकेटमधून नकोच

सगळं नवं असलं तरी बकेटमधून माणसाने वर-खाली करू नये. दगड उचलायला पाचपट राखीव ताकद पुरते असं मानतात, माणसं उचलायच्या दोराला दहापट धरतात. शिवाय त्या यंत्राला वेगळे ब्रेक असतात. यारी त्यासाठी बनलेली नाही. उतरायला पक्की शिडी हवी. बकेट वर जाताना खाली असणाऱ्यांनी कडेला, दांड्याच्या रेषेबाहेर उभं राहावं आणि ती रिकामी होऊन खाली टेकेपर्यंत मध्ये येऊ नये. वरून इशारा देणारा माणूस एकच असावा.

खर्च कुणाचा?

विहिरीचा ठेका ठरवताना फुटावर किंवा उधड्या कामावर बोली होते. डिझेल कुणाचं, सुरुंग कुणाचे, मजुरांचं जेवण कुणाकडे, हे सगळं ठरतं. तार आणि पिनांचा विषय मात्र निघत नाही. मग हंगामाच्या मध्यात तार खराब झाली की यारीवाला पुढच्या बिलाची वाट पाहतो आणि शेतकरी काम थांबू नये म्हणून गप्प बसतो.

त्यामुळे बोलीच्या वेळीच तीन प्रश्न विचारावेत. तार कधी टाकली? हूक आणि शॅकलवर कुठे वेल्डिंग आहे का? कप्पीची पिन शेवटची कधी काढून पाहिली? आणि खराब निघाली तर पैसे कोण देणार, काम किती दिवस थांबणार, हेही तिथेच ठरवून घ्यावं. अख्ख्या विहिरीच्या खर्चापुढे एक पिन, दोन शॅकल आणि चार क्लॅम्प यांची किंमत नगण्य आहे. ज्यांना खाली उतरायचंय त्या मजुरांनाही हे प्रश्न विचारायचा आणि समाधान होईपर्यंत न उतरण्याचा पूर्ण हक्क आहे.